प्रीपेड वीजमीटर : मोजतो चोख, पण बॅलन्स संपल्यावर काय?

प्रीपेड मीटरची माहितीपत्रकं वाचली की वाटतं, हे तर मोबाइलसारखंच आहे: आधी भरा, मग वापरा. पण मोबाइलचा बॅलन्स संपला तर फार तर फोन लागत नाही. विजेचा संपला की पंखा, फ्रिज आणि पाण्याची मोटर एकाच क्षणी थांबतात. घरात कुणी ऑक्सिजनच्या मशीनवर असेल तर पुढचं सांगायलाच नको. त्यामुळे या मीटरकडे बघताना अॅप किती देखणं आहे याला फारसा अर्थ नाही. बॅलन्स शून्यावर आला त्या मिनिटाला काय होतं, हे आधी विचारायचं.

गुण सुरुवातीलाच देऊन टाकतो. मोजणीचं यंत्र म्हणून पाचपैकी साडेचार. महिन्याला ठरलेली कमाई येणाऱ्या आणि स्मार्टफोन सराईतपणे वापरणाऱ्या घरासाठी सेवा म्हणून साडेतीन. एकटं राहणारं म्हातारं माणूस, तान्हं मूल किंवा विजेवर चालणाऱ्या उपकरणावर जगणारा रुग्ण असलेल्या घरासाठी दीड. तो दीडही रोजचा वापर डोळ्यांसमोर येतो म्हणून.

रिले नावाचं बटण

मीटरच्या आत करंट-व्होल्टेज मोजणारी चिप, आकडे दाखवणारा डिस्प्ले, सिम किंवा रेडिओवरून बोलणारा छोटा बोर्ड आणि एक रिले असतो. बाहेरून आलेली वायर आणि तुमचा मेन स्विच यांच्यामधलं ते एक बटण आहे, पण त्याचा ताबा तुमच्याकडे नसतो. पूर्वी लाईट कापायची तर माणूस यायचा, शिडी लावायची, दारात दोन शब्द व्हायचे. आता दूरवरच्या सर्व्हरवरून आलेला एक संदेश तेवढंच काम दोन सेकंदांत उरकतो.

'प्रीपेड' हा बहुतेक ठिकाणी वेगळा मीटर नसतो. स्मार्ट मीटर तोच, फक्त हिशोबाची पद्धत बदलते. म्हणून तो पुन्हा पोस्टपेड करायला मीटर बदलावा लागतो असं कुणी सांगितलं तर लेखी मागा.

प्रीपेडची जात, म्हणजे प्रकार, मात्र ओळखायला हवा, कारण दोन जातींच्या अडचणी वेगळ्या. पहिली कीपॅडची. पैसे भरले की २० आकडी टोकन मिळतं, ते आपण बटणांवर टाकायचं. हिशोब मीटरच्या पोटातच होतो, त्यामुळे नेटवर्क असो-नसो, वीज सुरू होते. आकडा चुकला तर मीटर नाकारतो, आणि पुन्हा पुन्हा चुकला तर काही मॉडेल थोडा वेळ कीपॅडच बंद करतात. टोकन कागदावर चार-चारचे पाच गट करून लिहायचं आणि एकाने वाचायचं, दुसऱ्याने दाबायचं. दुसरी जात सर्व्हरची. इथे बॅलन्स मीटरमध्ये नसून कंपनीच्या संगणकात असतो. दिवसातून एकदा किंवा काही तासांनी रीडिंग जातं आणि रक्कम वजा होते. त्यामुळे अॅपवर दिसणारा बॅलन्स बऱ्याचदा कालचा असतो. रात्री एसी आणि गिझर चाललेले असतील तर सकाळी 'अजून शिल्लक आहे' म्हणून निश्चिंत बसण्यात अर्थ नाही.

टोकनच्या मीटरची एक गंमत सांगण्यासारखी आहे. जगभर वापरात असलेल्या प्रमाणित टोकन पद्धतीत वेळ १ जानेवारी १९९३ पासूनच्या मिनिटांत मोजतात, आणि त्या आकड्याला २४ बिटांचीच जागा आहे. म्हणजे १,६७,७७,२१६ मिनिटं. ती २४ नोव्हेंबर २०२४ ला संपली. ज्या मीटरमध्ये त्याआधी दोन खास २० आकडी कोड टाकून चावी (टोकन ओळखण्यासाठीचा मीटरमधला गुप्त आकडा) बदलली नाही, तो नवं टोकन घेईना. पैसे भरलेले, टोकन खरं, मीटर धडधाकट, तरी घर अंधारात. जुना कीपॅड मीटर एखाद्या बंद घरात तसाच राहिला असेल तर आजही हीच अडचण निघू शकते. मीटर बिघडला असं ठरवण्याआधी हे दोन कोड दिलेत का ते विचारा.

शंभर भरले, वीज किती आली?

सर्वात जास्त गैरसमज इथेच होतात. रिचार्जची सगळी रक्कम युनिटमध्ये जाते असं वाटतं, ती जात नाही. समजा, शंभर भाग भरले. मागची थकबाकी दर रिचार्जमधून २५ टक्के कापायची असं ठरलेलं आहे, पंचवीस गेले. स्थिर आकार (वापर असो-नसो लागणारी ठरलेली रक्कम) रोजचा तीन भाग आहे आणि घराचा बॅलन्स दहा दिवस शून्याखाली होता, आणखी तीस गेले. उरले पंचेचाळीस. घरात माणसं म्हणतात, "मीटर पळतोय." मीटर जागेवरच आहे, पैसे वाटेत संपले.

वीज बंद असली तरी स्थिर आकार थांबत नाही, ही या सेवेतली सर्वात बोचरी गोष्ट. तीन आठवडे दवाखान्यात राहून माणूस घरी येतो, एक युनिटही वापरलेलं नसतं आणि बॅलन्स उणे असतो. ज्याच्याकडे आधीच पैसे नव्हते, त्याला दिवा लावण्याआधी अंधारातल्या दिवसांचे भरावे लागतात. थकबाकीचा हप्ता टक्क्यात आहे की ठरावीक रकमेत, आणि त्याला वरची मर्यादा आहे का, हे लेखी घ्या. हप्ता कमी करून मागता येतो. अनेक ठिकाणी देतातही, पण आपणहून कुणी सांगत नाही.

टप्प्याटप्प्याने दर चढत असेल तर आणखी एक मेख आहे. कीपॅडच्या पद्धतीत टप्पा बहुतेक वेळा खरेदीवर मोजतात, वापरावर नाही. एका महिन्यात दोन महिन्यांची वीज भरून ठेवली तर पुढची युनिटं महागड्या टप्प्यात पडतात. पैसे हातात आहेत म्हणून साठा करायचा मोह इथे महागात जातो. महिन्याची गरज त्याच महिन्यात घ्यावी. सर्व्हरच्या पद्धतीत टप्पा वापरावर चालतो, तिथे साठ्याने बिघडत नाही. पण महिनाअखेरीस तेवढीच रक्कम कमी दिवस पुरते, आणि ते पाहून घरात उगाच वाद होतात.

शून्याचं मिनिट

चांगल्या सेवेत शून्य झालं की लगेच रिले पडत नाही, म्हणजे वीज तुटत नाही. सवलतीच्या वेळा असतात: रात्री, सुटीच्या दिवशी आणि भरणा केंद्र बंद असताना कापायचं नाही. त्याशिवाय थोडं उसनं क्रेडिट मिळतं, जे पुढच्या रिचार्जमधून वळतं करतात. आपल्या मीटरला हे दोन्ही आहे का आणि उसनं क्रेडिट आपोआप लागतं की बटण दाबून घ्यावं लागतं, हे मीटर बसतानाच विचारायचं. अंधार झाल्यावर ते शोधत बसण्यात रात्र जाते.

सूचनेचा मेसेज कुठे जातो हेही बघा. पहिला नंबर घरमालकाचा, परगावी असलेल्या मुलाचा किंवा कधीच बंद झालेला असतो. कमीत कमी दोन नंबर नोंदवा: एक घरात राहणाऱ्याचा, एक घराबाहेरच्या जबाबदार माणसाचा. इशाऱ्याची मर्यादा रकमेत असते, आपण ती दिवसांत विचार करून लावायची. रोज ४ युनिट जात असतील तर १२ युनिट आणि तीन दिवसांचा स्थिर आकार एवढ्यावर इशारा वाजला पाहिजे. एका दिवसाचा इशारा शनिवारी संध्याकाळी आला तर काय उपयोग?

इन्व्हर्टर असलेल्या घरात तर फसगत ठरलेली. रिले पडतो, इन्व्हर्टर लगेच भार घेतो, पंखा फिरत राहतो, दिवे जळत राहतात. कुणालाच पत्ता लागत नाही. पहाटे तीनला बॅटरी बसते आणि मग कळतं की वीज आदल्या दुपारीच गेली होती. तेव्हा रिचार्ज केला तरी पुढच्या खंडासाठी बॅटरीत काही नसतं. इन्व्हर्टरवर न जोडलेल्या एखाद्या पॉइंटला छोटा इंडिकेटर बल्ब लावून तो येता-जाता दिसेल असा ठेवला की हा प्रकार टळतो. शंभर नोटिफिकेशनपेक्षा हा एक बल्ब कामाचा आहे.

रिचार्ज झाला पण वीज आली नाही, तर याच क्रमाने जा. पावतीवरचा ग्राहक क्रमांक किंवा मीटर क्रमांक आपलाच आहे का ते आधी पाहा, कारण एक आकडा चुकून शेजाऱ्याचा मीटर भरला जाणं फार सामान्य आहे. मग थकबाकी आणि स्थिर आकार वजा होऊन बॅलन्स खरंच शून्याच्या वर आला का, ते पाहा. नंतर डिस्प्लेवरची रिलेची खूण. रिले उघडा, म्हणजे तुटलेला दिसत असेल तर बहुधा जोडणीचा संदेश नेटवर्कअभावी मीटरपर्यंत पोचलेला नाही. हेल्पलाइनला 'पुन्हा जोडणीचा संदेश परत पाठवा' असं नेमकं सांगा, नुसतं 'लाईट नाही' म्हणू नका, नाहीतर तक्रार फ्यूजच्या रांगेत जाते. काही मीटरना जोडणीआधी बटण दोन-तीन सेकंद दाबून धरावं लागतं. हा दोष नाही, सोय आहे: वीज गेली तेव्हा चालू राहिलेली इस्त्री माणूस नसताना तापू नये म्हणून. रिले बंद, म्हणजे जोडलेला दिसत असूनही वीज नसेल तर घरातलं एमसीबी किंवा करंटची गळती ओळखणारं ब्रेकर पडलेलं असतं. वीज येण्याआधी गिझर, इस्त्री, एसी बंद करून घ्या. सगळं एकदम सुरू झालं तर मंजूर भार (कनेक्शनला परवानगी असलेला जास्तीत जास्त लोड) ओलांडून रिले पुन्हा पडतो आणि तो बॅलन्समुळे पडला असा समज होतो.

न दिसणारी वीजतोड

पोस्टपेडमध्ये वीज कापली तर मागे कागद राहतो: बिल, नोटीस, तारीख. भारतात २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीपोटी कापण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. बिलावर वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली कमी असेल ती हरकत नोंदवून भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. प्रीपेडमध्ये असा टप्पाच उरत नाही. बॅलन्स संपला, वीज गेली. कागदावर ती 'तोडली' अशी नोंद होत नाही, ग्राहकाने 'रिचार्ज केला नाही' एवढंच राहतं. वीजतोड कमी झाल्याचं कुणी सांगितलं तर आधी विचारा, बॅलन्स संपून अंधारात राहिलेली घरं त्यात मोजली का?

त्याच कायद्याच्या कलम ४७ मधली एक गोष्ट प्रीपेडच्या बाजूने आहे: प्रीपेड मीटरवरून वीज घेणाऱ्याकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही. मीटर बदलताना जुनी ठेव परत मिळते की बॅलन्समध्ये जमा होते, ते विचारून घ्या. इथे बरेच जण गप्प बसतात.

दुसऱ्या देशांत ही अडचण कशी हाताळली तेही बघण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये थकबाकीदारांच्या घरी कोर्टाचं वॉरंट घेऊन प्रीपेड मीटर बसवत असत, किंवा स्मार्ट मीटर परस्पर प्रीपेड करत. २०२३ च्या फेब्रुवारीत ते थांबवलं गेलं. नोव्हेंबरपासून लागू झालेल्या नियमांत, घरात दुसरा आधार नसलेले ७५ वर्षांवरचे लोक, दोन वर्षांखालचं मूल असलेली घरं आणि प्रकृतीमुळे अखंड वीज लागणारी घरं यांच्यावर सक्तीने प्रीपेड लादता येत नाही. दक्षिण आफ्रिकेत गरीब घरांना महिन्याला ५० युनिट मोफत देण्याचं धोरण आहे. टोकनवाल्यांना ते मागून घ्यावं लागतं, आणि ज्याला माहीत नाही तो राहून जातो.

सर्वात शहाणपणाचा उपाय फ्रान्सचा वाटतो. तिथे १ नोव्हेंबर ते ३१ मार्च थकबाकीपोटी घराची वीज तोडता येत नाही. शिवाय ईडीएफ ही तिथली मोठी कंपनी एप्रिल २०२२ पासून वीज पूर्ण तोडण्याऐवजी मर्यादा १ केव्हीएवर, म्हणजे साधारण हजार वॉटवर आणते. एक केव्हीएमध्ये दिवे, पंखा, फ्रिज, फोनचा चार्जर आणि पाच लिटरचं ऑक्सिजन मशीन चालतं, गिझर किंवा हीटर चालत नाही. म्हणजे पैसे भरण्याची निकड राहते, पण जीव टांगणीला लागत नाही. यासाठी नवं यंत्र लागत नाही. मंजूर भार ओलांडल्यावर जो रिले पडतो, तोच कमी मर्यादेवर लावला की झालं. ही सोय मीटरच्या पोटात असताना सेवेत नाही, हे दीड गुणाचं मुख्य कारण.

घरात रुग्ण असेल तर

आधी आकडे, कारण अर्जात आकडे लिहिले की दखल घेतली जाते. पाच लिटरचं ऑक्सिजन मशीन साधारण ३०० ते ३५० वॉट घेतं. चोवीस तास चाललं तर रोजची ७ ते साडेआठ युनिटं, महिन्याची २१५ ते २५०. दरांचे टप्पे चढते असतील तर हे एक मशीन अख्ख्या घराला वरच्या टप्प्यात ढकलतं. झोपेत श्वास अडकणाऱ्यांचं सीपॅप (हवेच्या दाबाने श्वास चालू ठेवणारं मशीन) गरम पाण्याची टाकी बंद ठेवली तर निम्म्याहून कमी वीज खातं. शय्याव्रण होऊ नयेत म्हणून वापरायच्या हवेच्या गादीचा पंप जेमतेम १० वॉटचा, महिन्याला ७ युनिट. पण वीज गेली की गादी बसते आणि माणूस खालच्या कडक पलंगावर येतो. वॉट बघून उपकरणाचं महत्त्व ठरवणाऱ्या कारकुनाला हे समजावून सांगावं लागतं.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. फ्रिजचं दार न उघडता ठेवलं तर सुमारे चार तास गारवा टिकतो. त्यापुढे बर्फाच्या पिशव्यांसह थर्मासमध्ये हलवा, पण इन्सुलिन बर्फाला टेकू देऊ नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

बॅटरीवर किती भरवसा ठेवायचा? १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तासांची. लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरमध्येही काही वाया जातं. हाती साधारण १००० येतात. ३५० वॉटचं मशीन त्यावर तीन तासांपेक्षा थोडं कमी चालेल, तेही बॅटरी नवी असेल तर. दोन वर्षं जुनीवर दोन तास धरा. म्हणून ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर जवळ असायलाच हवा. १० लिटर पाण्याच्या मापाचा सिलिंडर १५० बारला भरलेला असेल तर त्यात सुमारे १५०० लिटर वायू मावतो. मिनिटाला २ लिटरने साडेबारा तास, ४ लिटरने सव्वासहा तास. रेग्युलेटर जोडून, चावी बाजूला बांधून ठेवा. रुग्ण धापा टाकत असताना पाना शोधायचा नसतो.

अर्ज द्यायचा तो एकाच कागदावर: रुग्णाचं नाव व पत्ता, ग्राहक क्रमांक, उपकरणाचं नाव आणि वॉट, रोज किती तास लागतं, वीज नसेल तर किती वेळ तग धरता येईल, आणि डॉक्टरांचं पत्र. पत्रात 'वीज आवश्यक' एवढंच नको, 'सलग दोन तासांपेक्षा जास्त खंड जिवाला धोकादायक' असं नेमकं हवं. तासांचा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा. तीन मागण्या करा: कनेक्शन पोस्टपेडच ठेवावं, थकबाकीपोटी कापण्याआधी लेखी नोटीस आणि फोन दोन्ही व्हावेत, आणि देखभालीसाठी वीज बंद ठेवणार असतील तर आदल्या दिवशी कळवावं. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. डॉक्टरांच्या पत्राला मुदत असते, ती संपायच्या पंधरा दिवस आधीची आठवण कॅलेंडरवर लिहा.

मीटर खरंच पळतो का?

बहुतेक वेळा नाही. तरी शंका मनात ठेवण्यापेक्षा दहा मिनिटं घालवून बघा. मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि पाटीवर ३२०० किंवा १००० इम्पल्स (म्हणजे लुकलुक) प्रति युनिट असं छापलेलं असतं. घरातलं सगळं बंद करून फक्त १००० वॉटचा पाणी तापवायचा रॉड पाण्यात सोडून लावा आणि मिनिटभर लुकलुक मोजा. ३२०० चा मीटर ५३ वेळा लुकलुकला पाहिजे. ४४-४५ आले तर मीटर मंद आहे असं समजू नका. व्होल्टेज २१० असेल तर २३० व्होल्टसाठी बनलेला रॉड ८३४ वॉटच घेतो. ६० च्या वर गेला तर आधी व्होल्टेज पाहा. ते २३० च्या आसपास असूनही आकडा चढाच असेल तर चाचणीचा अर्ज द्या.

दुसरी तपासणी आणखी सोपी. मेन स्विच पाडा आणि दोन मिनिटं बघा. एकदाही लुकलुक व्हायला नको. झाली तर मीटर आणि मेन स्विच यांच्यामध्ये कुणाचा तरी फाटा असू शकतो. मेन चालू असताना मीटरवरचा 'अर्थ' लिहिलेला दिवा पेटलेला असेल तर तुमच्या फेजचा करंट तुमच्या न्यूट्रलने परत जात नाहीये. जुन्या इमारतींत शेजाऱ्यांचे न्यूट्रल एकत्र आलेले असतात. अनेक सिंगल फेज मीटर फेज आणि न्यूट्रलमधला जो करंट जास्त तोच मोजतात, म्हणजे शेजाऱ्याच्या न्यूट्रलमधून आलेलं तुमच्या नावावर पडतं. जुना मीटर हे सोडून देत असेल आणि नवा धरत असेल, तर 'मीटर बदलला आणि खर्च वाढला' ही तक्रार खोटी नसते. दोष मात्र वायरिंगमध्ये असतो. वायरमनला टॉन्ग टेस्टर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा) फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर एकत्र लावायला सांगा. शून्याच्या जवळ आलं पाहिजे.

डिस्प्लेवर शब्दांऐवजी कोड येत असतील तर चार पुरेत: १.८.० म्हणजे एकूण युनिट, १.७.० म्हणजे या क्षणाचा लोड, ३२.७.० व्होल्टेज, ३१.७.० करंट.

या १.७.० चा खरा उपयोग रात्री. सगळे झोपले, फ्रिज थांबलेला असताना आकडा पाहा. पंख्यांचे वॉट वजा करून ४० वॉट उरले तर राउटर, सेट टॉप बॉक्स, इन्व्हर्टरचं संथ चार्जिंग मिळून महिन्याला जवळजवळ २९ युनिट नुसतीच जातात. कमी वापराच्या घरात हा मोठा वाटा असतो, आणि प्रीपेडचं सर्वात मोठं देणं हेच की तो दिसतो. ७५ वॉटचा पंखा काढून ३० चा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा) बसवला तर रोज १२ तासांच्या वापरावर महिन्याला १६ युनिट वाचतात, पण आधी दिवस-रात्र चालणारा एकच पंखा बदला. पाहुण्यांच्या खोलीतला बदलून काही मिळत नाही. १५ लिटर पाणी २० वरून ४५ अंशांवर न्यायला ०.४४ युनिट लागतं. गिझर तासभर आधी लावला तर त्यावर उष्णतेच्या गळतीची भर पडते. बाकीच्या बचतीच्या सल्ल्यांनी वह्या भरल्यात, त्यांची पुनरुक्ती नको.

बदलाच्या दिवशी आणि नंतर

जुना मीटर काढताना त्याच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो, नव्याच्या सुरुवातीच्या रीडिंगचा फोटो, दोघांचे क्रमांक आणि सीलचे क्रमांक. चारही फोटोंत तारीख दिसू द्या. बदलीच्या अहवालावर सही करण्याआधी त्यातलं रीडिंग फोटोशी ताडून बघा. पहिल्या महिनाभर रोज एका ठरलेल्या वेळी १.८.० वहीत लिहा आणि अॅपमधल्या वजावटीशी जुळवा. फरक निघाला तर तो बहुतेक पहिल्या आठवड्यातच निघतो, कारण जुन्या बिलाची शेवटची रक्कम याच काळात बॅलन्समधून गुपचूप वळती होते.

पुढे कधी चुकीने वीज गेली, सवलतीच्या वेळेत गेली किंवा बॅलन्स असताना गेली, तर फोनवरच्या दिलगिरीवर थांबू नका. मीटर रिले उघडल्या-मिटल्याची वेळ, त्या क्षणाचं रीडिंग आणि कारणाचा कोड स्वतःच्या नोंदीत साठवतो. 'अमुक तारखेच्या रिले नोंदींची छापील प्रत द्यावी' असा एका ओळीचा अर्ज करा. नोंदींची जागा मर्यादित असते आणि नव्या नोंदी जुन्यांवर चढतात, म्हणून अर्ज त्याच आठवड्यात जायला हवा. सोबत रिचार्जची पावती आणि बॅलन्सचा स्क्रीनशॉट. रुग्णाचं मशीन किती वाजता थांबलं, सिलिंडर कधी लावला, हे मात्र त्या नोंदीत नसतं. ते त्याच रात्री वहीत लिहून त्यावर शेजाऱ्याची सही घेतलेली बरी.